गजर खाली कुणी आणला

मुलुंड पूर्वेला, भाजीबाजार संपतो तिथे प्रेमा पेडणेकरचं मिरची कांडप आहे. एप्रिल-मे हा तिचा मोसम. वर्षाचा मसाला करायला बायका उन्हात खडखडीत वाळवलेल्या मिरच्यांच्या पिशव्या घेऊन दारात बसतात, आत लोखंडी मुसळं एकामागून एक आपटत असतात आणि येणारा-जाणारा शिंकून शिंकून हैराण होतो. अशा ऐन घाईत एक दिवस रेवती नावाची गोडशी मुलगी नाकाला ओढणी लावून आत आली आणि म्हणाली, की सुयोगसरांच्या रचनांमागच्या प्रेरणा मी शोधतेय, तुमच्याशी जरा बोलायचं होतं.

प्रेरणा म्हणे! प्रेमाने मशीन बंद केलं नाही. बोलायचंय तर ओरडून बोल म्हणाली.

सुयोग म्हणजे तिचा धाकटा भाऊ. पार्ल्याला राहतो, गिटार वाजवतो, जॅझ. हॉटेलांत, लग्नांच्या पार्ट्यांत, दुसऱ्यांच्या गाण्यांमागे वाजवून वाजवून केस पिकले, आणि आता पंचावन्नाव्या वर्षी त्याच्या स्वतःच्या रचनांचा पहिला मोठा कार्यक्रम पार्ल्याच्या एका हॉलमध्ये ठरला होता. निवेदन ही रेवती करणार होती. प्रत्येक रचनेआधी ती कशी सुचली ते दोन मिनिटांत सांगायचं, लोकांना हल्ली तेच आवडतं, असं तिचं म्हणणं. सरांनी तिला माहिती दिलीच होती. तिला फक्त बहिणीकडून थोडं घरगुती हवं होतं, फोडणीपुरतं.

तिने मोबाइलवर बघून एकेक नाव वाचायला सुरुवात केली. पहिली रचना 'रेड डस्ट'. कोकणच्या लाल मातीची ओढ.

प्रेमाला हसावं की मुसळ उचलावं कळेना. कुठली लाल माती? सुयोग जन्मला घाटकोपरच्या भटवाडीत, गावाला गेला तर दुसऱ्या दिवशी मच्छर चावतात म्हणून परत यायचा. तो लाल धुरळा या दुकानातला होता. ती रचना सुचली त्या साली तिच्या तिसऱ्या मुसळाचा पट्टा सैल झाला होता आणि ते उशिरा पडायचं. सरळ चाललेला ठेका लंगडायला लागला. सुयोग सहज आला होता, तो मिरचीच्या पोत्यावर गिटार घेऊन बसला तो उठेचना. ताई, पाच मात्रा होतायत बघ, पट्टा बदलू नकोस इतक्यात, असं विनवायला लागला. त्याची रचना पुरी होईपर्यंत तिने तो पट्टा खरंच बदलला नाही. मसाला जाडाभरडा निघाला, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या, एक जुनी बाई तर कायमची समोरच्या गिरणीत गेली. आणि नाव काय, तर कोकणची माती.

दुसरी 'ओपन टॅप'. मुंबईच्या पाण्याचं संगीत, असं रेवतीच्या मोबाइलवर होतं. कसलं डोंबलाचं संगीत? चाळीच्या नळावर वरच्या मजल्यावरची बाई रोज मध्ये घुसायची आणि प्रेमा तिच्याशी जी भांडायची, तो चढउतार सुयोगने जसाच्या तसा उचलला होता. आधी खालून दम देणं, मग एकदम टिपेला जाणं, मग 'जा, भर तूच' म्हणून सोडून देणं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा प्रेमाने ताबडतोब ओळखलं आणि पोट धरधरून हसली. तेव्हा राग नव्हता आला. भाऊ आपल्यापाशी येऊन बसतो, आपलं गुणगुणणं ऐकतो, याचंच तिला कोण कौतुक. चहा करून द्यायची, मासे तळून वाढायची. निघताना तो हळूच म्हणायचा, ताई, सगळं तुझंच आहे गं. हे तो नेहमी दारातच म्हणायचा, चपला घालताना, आसपास कुणी नसताना.

'विमला' नावाची एक रचना आईवर होती. तिथे बरोबर आईचंच नाव होतं. मेलेल्या माणसाचं नाव द्यायला काय जातं?

मग रेवती म्हणाली, आता शेवटची, सगळ्यात गाजलेली, 'बिहाइंड द कर्टन'. आणि डोळे मोठे करून विचारलं, "काकू, सर बारा वर्षांचे असताना भजनात वडिलांचा आवाज बसला आणि सरांनी गजर उचलून धरला, ते तुम्ही प्रत्यक्ष बघितलं होतं ना?"

तेव्हा मात्र प्रेमाने मशीन बंद केलं. प्रेमाने रेवतीकडे नुसतं बघितलं आणि म्हणाली, की बघितलं नव्हतं, मी पडद्यामागे होते. मुलीला वाटलं, काय सुंदर वाक्य मिळालं. ती खूश होऊन गेली.

आता तो पडदा काय होता ते सांगायलाच हवं.

त्यांचे वडील बाळ तोरसकर. परळच्या गिरणीत साचे चालवायचे आणि गिरणी सुटली की भजन. सगळे त्यांना बाळबुवा म्हणायचे. भटवाडीच्या सार्वजनिक गणपतीत दरवर्षी डबलबारी व्हायची. दोन बुवा आपापली पेटी, पखवाज आणि कोरस घेऊन समोरासमोर बसतात. एकाची बारी झाली की दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं, आणि शेवटी गजर. गजर म्हणजे एकच ओळ घोळवत, लय वाढवत वाढवत अशी टिपेला न्यायची की मांडव उभा राहिला पाहिजे. गजर पडला की बारी पडली, आणि बारी पडली की वर्षभर वाडीत मान खाली. बायकांनी बुवाच्या गादीच्या आसपास फिरकायचं नाही. त्यांची जागा मागे, पडदा बांधलेला असे तिथे, खिरापतीचं खोबरं किसत.

त्या साली समोर भांडुपचे श्यामसुंदरबुवा होते. बाळबुवांचा घसा दोन दिवस धरलेलाच होता. त्यात ऐन गजरात, ओळ वर उडी मारते नेमक्या त्या जागी, त्यांचा आवाज फाटला आणि बंदच झाला. पखवाज चालू, टाळ चालू, आणि बुवा तोंड उघडून नुसता बसलेला. कोरसमधले ते दमलेले गिरणीवाले, त्यांना कुणीतरी ओळ द्यायला हवी होती. ती ओळ पडद्यामागून आली. पंधरा वर्षांची प्रेमा, हातात खोबऱ्याची वाटी, हा गजर तिने घरात शंभरदा ऐकलेला. तिने ती उचलली, पण वर नेली नाही. वर उडी मारायच्या जागी तिने ती अलगद खाली आणली आणि खालून पुन्हा चढवत नेली. कोरसने तिच्यामागे जीव ओतला. मांडव असा काही उसळला की श्यामसुंदरबुवा स्वतः गादीवरून उठून उभे राहिले.

गजर संपल्यावर त्यांनीच विचारलं, की बाळबुवा, गायला कोण हा पोरगा? कोवळा आवाज, त्यांना पोरगाच वाटला. बाळबुवांच्या शेजारी बारा वर्षांचा सुयोग टाळ घेऊन बसला होता. बाळबुवांनी एक क्षण पडद्याकडे बघितलं आणि सुयोगच्या खांद्यावर हात ठेवला. बस, एवढंच केलं त्या माणसाने. श्यामसुंदरबुवांनी आपल्या गळ्यातला हार काढून सुयोगला घातला, नारळ दिला, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. प्रेमा पडदा बाजूला करून बाहेर यायला निघाली होती. आईने तिचं मनगट धरलं आणि म्हणाली, "गप रव गो. बापाशीची अब्रू जातली."

बापाची अब्रू राहिली. प्रेमा परत खोबरं किसायला बसली.

घरी बाबा त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, कधीच नाही. शाबास म्हणाले नाहीत, आणि तुला मध्ये तोंड घालायला कुणी सांगितलं म्हणून शिवीही दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. शिवी दिली म्हणजे निदान तू गायलीस एवढं तरी म्हटल्यासारखं झालं असतं. ते न बोलणं प्रेमाच्या छातीत जे जाऊन बसलं ते तिथेच राहिलं.

आणि सुयोगचं नशीब बघा. पुढच्याच वर्षी त्याचा आवाज फुटला, घोगरा झाला तो झालाच. आता गाऊन दाखव म्हणायची कुणाची सोय राहिली नाही. उलट वाडी हळहळली, काय पोराचा गळा होता आणि वाया गेला. त्या हळहळीवर मंडळातल्या लोकांनी त्याला जुनी गिटार आणून दिली, गळा गेला तर हाताने वाजवू दे. बाबांनी त्याला मरोळच्या एका ख्रिस्ती मास्तरांकडे शिकायला घातलं. तिथून त्याला जॅझ मिळाला. मेहनत त्याने केली, नाही म्हणत नाही कुणी, बोटांतून रक्त येईपर्यंत केली. पण पाया कशाचा? प्रेमाला त्याच वर्षी शिवणाच्या क्लासला घातलं आणि एकोणिसाव्या वर्षी मुलुंडला देऊन टाकलं. सासूचं कांडप होतं, ते तिने चालवलं, नवरा गेल्यावरही चालवलं. आई गेल्यावर बाबांना स्वतःकडे आणलं, कारण सुयोगच्या घरात म्हणे रियाजाला जागा लागते.

रेवती गेली त्या संध्याकाळी प्रेमाने सुयोगला फोन लावला. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, की इतके दिवस दारात जे म्हणतोस ते आता स्टेजवर म्हण. ताई गायली होती, असं माझं नाव घेऊन सांग. नाहीतर मी येणार नाही आणि बाबांनाही आणणार नाही. बाबा त्या दिवशी प्रमुख पाहुणे होते, पत्रिकेवर नाव छापलेलं. सुयोग म्हणाला, बाबांना त्रास होईल गं या वयात. प्रेमा म्हणाली, बाबांचं मी बघते. तेव्हा कुठे तो हो म्हणाला. शब्द देतो ताई, असं म्हणाला.

कार्यक्रम रविवारी दुपारचा होता. प्रेमाने लग्नातली नारायणपेठ नेसली. बाबांना इस्त्रीचा सदरा, टोपी. शहाऐंशी वर्षांचा माणूस, दोन्ही कानांनी अर्धा बहिरा, पण पहिल्या रांगेत बसल्याबरोबर पाठ ताठ झाली. हॉल भरलेला. सुयोग काळ्या कुडत्यात चांगला दिसत होता. त्याने वाकून बाबांना नमस्कार केला, प्रेमाकडे बघून हसला. तिला वाटलं, चला, सांगणार बहुतेक.

'रेड डस्ट'ला कोकणची माती झाली. 'ओपन टॅप'ला मुंबईचं पाणी झालं. प्रेमाने दात आवळले, पण म्हटलं जाऊ दे, हे त्याचं त्याला लखलाभ, मला शेवटचं एक हवंय. 'विमला'ला तर तिच्याही डोळ्यांत पाणी आलं, आई जेवायला हाक मारायची ती हाक गिटारमधून इतकी खरी आली. मेल्याच्या हातात आहे काहीतरी, ते नाकारून चालणार नाही.

शेवटी रेवती उभी राहिली आणि तिने बारा वर्षांच्या चमत्कारी मुलाची गोष्ट सांगितली. हार, नारळ, सगळं. वर प्रेमाचं ते पडद्यामागे होते वालं वाक्यही चिकटवलं, बहीण पडद्यामागून कौतुकाने ऐकत होती म्हणून. तिने सुयोगकडे बघितलं. त्याने माइक जवळ ओढला, घसा साफ केला, आणि म्हणाला, "ही रचना मी पडद्यामागे राहिलेल्या सगळ्या अनाम स्त्रियांना अर्पण करतो."

टाळ्या पडल्या. अनाम? प्रेमा तिथल्या तिथे पेटली. बारशाला कानात सांगून ठेवलंय की नाव माझं. कुर्र केलंय, पेढे वाटलेत. समोर बसलेय मी, पहिल्या रांगेत, तुझ्यापासून दहा पावलांवर, आणि तू मला साऱ्या जगातल्या बायकांच्या गर्दीत ढकलून मोकळा होतोस? भित्रा, एक नंबरचा भित्रा. त्या दिवशी बारा वर्षांचा होतास, बापाचा हात खांद्यावर होता, कळत नव्हतं म्हणून सोडलं. आज कुणाचा हात आहे तुझ्या खांद्यावर?

उठून जायचं तिने ठरवलं. पण बाबांना असं टाकून कसं जाणार, म्हणून तिने त्यांचा दंड धरला. बाबा उठेनात. सुयोगने वाजवायला सुरुवात केली होती आणि तो गजर बाबांच्या अर्ध्या कानांतूनही आत पोचला होता. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं ठेका धरायला लागली. लय वाढली तशी मान हलायला लागली. ओळ घोळत घोळत त्या जागेपाशी आली, जिथे आवाज फाटला होता. सुयोगने तिथे नेहमीसारखा एक श्वास मोकळा सोडला, आणि मग सूर अलगद खाली आणला. त्याच्या त्या खाली येण्याची किती तारीफ व्हायची, ही त्याची खास ओळख म्हणायचे.

बाबांनी खुर्चीच्या हातावर जोरात थापटी मारली. बहिऱ्या माणसाला आपण किती मोठ्याने बोलतो ते कळत नाही. सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ते चिडून म्हणाले, "हयच चुकललंस तू, प्रेमा! वर जावक होया हुता. खाली कित्याक इलंस?"

गिटार थांबली.

प्रेमा बाबांकडे बघत राहिली. म्हणजे या माणसाला सगळं माहीत होतं, सूर न् सूर लक्षात होता, आणि इतकी वर्षं पोटात काय घेऊन बसला होता, तर मुलीने बारी राखली हे नाही, सूर चुकला हे. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि त्याच वेळी छातीतलं ते जुनं बसलेलं काहीतरी जागचं हललं.

तीही तितक्याच मोठ्याने म्हणाली, "चुकले नव्हते मी, बाबा. तुमचा आवाज फाटला होता आणि कोरसचा दम संपला होता. वर नेलं असतं तर एक माणूस मागे आला नसता. म्हणून खाली आणलं. कळून आणलं."

आता लपवायला काही उरलंच नव्हतं. सुयोग उभा राहिला. माइक न घेताच म्हणाला, की ताईच गायली होती, मी नुसता टाळ वाजवत होतो. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. रेवती डोळे पुसत होती. शेजारचे एक गृहस्थ बायकोला म्हणाले, केवढा मोठा माणूस, असं कबूल करायला धाडस लागतं. घ्या. खरं बोलल्याचाही मान त्यालाच. प्रेमाला हसू आलं, पण ते कडूच होतं. सुयोग पायऱ्या उतरून तिच्याकडे यायला लागला तेव्हा ती म्हणाली, आत्ता नको, घरी ये आणि दार सोडून आत बसून बोल. बाबांना धरून ती बाहेर पडली आणि तिने टॅक्सी केली.

लिंक रोडला लागेपर्यंत बापलेकीचं जे भांडण झालं ते टॅक्सीवाला आयुष्यात विसरणार नाही. बाबा म्हणत होते, गजराला उतार नसतो, माझ्या बुवांनी असं शिकवलं नव्हतं. प्रेमा म्हणत होती, तुमच्या बुवांचा आवाज बसला नव्हता त्या दिवशी. बाबा म्हणाले, कोरस आला असता. प्रेमा म्हणाली, मी मागे होते, मला त्यांचे श्वास ऐकू येत होते, तुम्ही पुढे होतात. मग ती एकदम म्हणाली, की हे सगळं तेव्हा का नाही बोललात? घरी आल्यावर एक थोबाडीत दिली असतीत तरी चाललं असतं मला. माझं मला परत मिळालं असतं. तुम्ही माझा गळा उचलून त्याला देऊन टाकलात, बाबा.

बाबांना ऐकू आलं की नाही कळलं नाही. ते खिडकीबाहेर बघत बसले. पवईचा तलाव गेला, कांजूरचा पूल गेला, तरी गप्प. प्रेमाने मनात म्हटलं, झालं, बसले पुन्हा तोंड शिवून, आता सरणावरच उघडतील. रागाने तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते पदराने पुसलंही नाही.

भांडुपच्या सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा बाबांनी मांडीवर ठेका धरला. फाटक्या, धापा टाकणाऱ्या आवाजात त्यांनी तो गजर सुरू केला. टॅक्सीवाला आरशातून बघायला लागला. बाबा लय वाढवत गेले, ओळ घोळवत त्या जागेपाशी आले आणि तिथे थांबले. या वेळी आवाज फाटला म्हणून नाही, आपणहून थांबले. मग बुवा कोरसला ओळ देताना करतो तसा त्यांनी उजवा हात प्रेमाकडे पुढे केला, आणि ती काय करते ते बघत राहिले.

प्रेमाने ओळ घेतली. मोठ्याने घेतली, आणि खालीच आणली.